उपवास कुणी करायचा

देवी आपलं ऐकत नाही, असं मला त्या वर्षी मनापासून वाटू लागलं होतं. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय मला झाला, आणि त्याच सुमारास घरात नात जन्मली. डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली आणि थुंकीची तपासणी स्वच्छ येईपर्यंत बाळापासून लांब राहायला बजावलं. मी आपली खिडकीतून तिचं टोपडं बघायची.

मग मी काय शहाणपणा केला? बरी होईपर्यंत रात्रीच काय ते एकदा जेवीन, असं कात्यायनीदेवीला बोलून बसले. सकाळची गोळी उपाशीपोटी, पळीभर तीर्थाबरोबर. ‘जेवणासोबतच घ्या,’ हे डॉक्टरांचं सांगणं. पण डॉक्टरांपेक्षा देवी मोठी, असं माझं पक्कं मत! सूनबाईनं वाढलेली भाकरी गुपचूप म्हशीपुढे जायची. म्हैस तेवढी गुटगुटीत झाली. आज तेव्हाची मी मला भेटले तर माझाच कान पिळीन. पुढची तपासणीही वाईटच आली. मुलगा गोठ्यात जाऊन रडला, मला ऐकू आलं.

देवीला जाब विचारायलाच म्हणून मी मास्क लावून कळंब्याच्या पुढे कात्यायनीच्या देवळात गेले. लांबूनच हात जोडले, झाडाखाली टेकले, तर डोळ्यांपुढे अंधारी. पलीकडे एक तरुण बाई शिदोरी सोडत होती. धावत आली, पाणी दिलं, भाकरी पुढे केली.

“न्हाय बाई, नवस हाय माझा,” म्हणत मी तिला गोळीचं सगळं सांगितलं.

ती मलकापूरची. पुण्याला प्रयोगशाळेत क्षयावरची नवी औषधं शोधायचं काम करायची. तिनं कपाळाला हात लावला. “अवो आज्जी, जंतूच्या अंगात ताकद दळणारं एक जातं असतंय. विकर म्हणतात त्याला. तुमची गोळी त्या जात्यात जाऊन अडकती, मग जंतू उपाशी मरतोय. पण पोटात जेवण नसलं तर गोळी अंगात नीट भिनतच न्हाय की! उपवास जंतूनं करायचा, तुम्ही कशाला करताय?”

मला आधी हसू आलं, मग रडू. डोळे पुसत म्हटलं, “आणि एवढी शिकलेली तू, इथं कशाला आलीस गं?”

“दुसऱ्या एका विकरासाठी औषध करतोय, ते काय केल्या त्याला चिकटंना झालंय,” ती लाजून हसली. “म्हटलं, देवीच्या कानावर घालावं.”

देवीकडे तोंड करून मी भाकरी मोडली. इतकी गोड भाकरी पुन्हा खाल्ली नाही. घरी येऊन सगळं सांगितलं, सर्वांच्या शिव्या खाल्ल्या, आणि रोज जेवणासोबत गोळी घेऊ लागले.

ती कुणाची कोण, मला ठाऊक नाही. नावही विचारलं नाही. तिचं औषध चिकटावं म्हणून मात्र रोज हात जोडते. नवस बोलून मी देवीची वाट अडवून बसले होते. तिनं बाजूनं येऊन माझ्या तोंडात घास घातला. तपासणी स्वच्छ आली, डॉक्टरांनी मान डोलावली, तेव्हा सूनबाईनं नातीला माझ्या मांडीवर ठेवलं. ती माझं बोट घट्ट धरून झोपली, आणि देवीला घालायला माझ्याजवळ एकही अट उरली नाही.