दोन बोटं उंच

केंब्रिजच्या लायब्ररीत, बेसमेंटमधल्या हॉलमध्ये, एक जपानी बाई आपल्या डोंगराळ मुलखातल्या टोपल्या मांडून बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या. त्यांनी नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एकेक टोपली त्या दोन्ही हातांनी उचलून द्यायच्या, तान्हं बाळ द्यावं तशी.

"ही नदीकाठच्या गावची. पाणी निथळावं म्हणून बूड विरळ. ही वरच्या गावची. तिथे चढ फार, म्हणून पाठीकडची बाजू सपाट."

टेबलापाशी उभ्या उभ्या मी तो सगळा मुलूख पायी हिंडून आलो.

पण कारच्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं सीट तपासल्या आहेत. नजर जायची तिथेच गेली. वेलीच्या सालीची, पाठीवर घ्यायची एक जुनी टोपली होती. तिचं तोंड डावीकडे चक्क दोन बोटं उंच होतं.

"ही विणताना चुकली वाटतं," मी म्हणालो. आमच्याकडे ती रिजेक्टच झाली असती.

"ही टेबलासाठी विणलेली नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "वडिलांनी माझ्या पाठीवर वीत ठेवून माप घेतलं होतं."

त्यांनी पट्टे खांद्यांत अडकवले आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता, हे मला तेव्हा दिसलं. आणि टोपलीचं तोंड आता अगदी लेव्हलमध्ये होतं.

मी आजवर हजारो सीट पास केल्या. त्यांवर बसणाऱ्या एकाचीही पाठ बघितली नव्हती.