वीस शब्दांची परीक्षा

दुपारचं जेवण झालंय. पलीकडे हे भांडी लावतायत, म्हणजे माझे यजमान. भांड्यांचा आवाज हळूहळू लांब जातो. डोळे मिटतायत की उघडे आहेत, मला नीट कळत नाही.

अर्धांगवायूचा झटका येऊन अकरा आठवडे झाले. उजवा हात जरासा हलतो, पण बोलणं गेलं. समोरचा कप दिसतो, तो कशासाठी असतो तेही कळतं, नाव तेवढं ओठांवर येत नाही. मी, प्राध्यापक शैलजा कलशेट्टी. सोलापूरच्या कॉलेजात चौतीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. माणूस कसा शिकतो, शिकलेलं कसं आठवतो, यावरच सगळं संशोधन केलं.

"काय बाई, निजलात व्हय?"

पायथ्याशी नरसम्मा बसलीय. मांडीवर सूप, हातात कात्री, विडीची पानं कापतेय. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. मी स्मशानापर्यंत गेले होते. तरी मला नवल वाटत नाही.

"अक्का, मला बोलता येत नाही," मी म्हणते. म्हणते खरी, आणि त्यात काही विचित्र आहे हे दोघींच्याही लक्षात येत नाही.

अठ्ठ्याऐंशी साली ती माझ्या प्रयोगात आली तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. चाळीस वर्षं विड्या वळलेली, पाटीला कधी हात न लावलेली. आमचे विभागप्रमुख म्हणाले होते, या वयात काही शिरत नाही, वेळ घालवू नका. मी तिला वीस शब्द द्यायचे. शब्द एकदा बघायचा, झाकायचा आणि मग आतून ओढून काढायचा. चुकला तर चुकला. सहा महिन्यांनी ती वर्तमानपत्राचा मथळा वाचत माझ्या टेबलापाशी उभी राहिली. पुढचं माझं सगळं काम तिथून सुरू झालं.

खाट आता प्रयोगशाळेचं बाक झालीय. नरसम्मा समोर एक चित्र धरते. गोल, काळं, चुलीवर ठेवतात ते.

"सांगा."

"येत नाही. तुम्ही सांगा ना."

"सांगायचं न्हाई. तुम्हीच म्हणायचात की, आठवताना त्रास झाला तर समजायचं, आत काम चालू झालंय."

"ते तुमच्यासाठी होतं, अक्का. माझ्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती."

"आन माझ्या डोक्यात काय होतं? चाळीस वर्षांची तंबाखूची धूळ!"

मला हसू येतं. हसता हसता मी एसटी स्टँडवर उभी आहे. गाड्या लागल्यात, पण एकाही पाटीवर अक्षर नाही. विभागप्रमुख कंडक्टरचा खाकी डगला घालून दारात उभे आहेत.

"कुठं जायचं ते सांगा," ते म्हणतात. "नाव सांगितल्याशिवाय गाडी सुटणार नाही."

गाडीतली सगळी माणसं खिडकीतून माझ्याकडे बघतात. मी पाटीकडे धावते, तर नरसम्मा तिच्यावर आपला हात ठेवते.

"बघू नका. आठवा."

आत कुठेतरी एक 'अ' आहे. तो निसटतो. मी थांबते. पुन्हा जाते. तो पुन्हा सापडतो, आणि या वेळी त्याच्या मागून बाकीची अक्षरंही फरफटत येतात.

"अक्कलकोट!"

इंजिन धडधडतं. विभागप्रमुख टोपी काढतात.

"तवा!" मी ओरडते. "तवा होता तो! तवा, उंबरठा, खिडकी, भाकरी!" शब्द येतच राहतात, मला त्यांच्या मागे पळावं लागतं. सगळा स्टँड ऐकतोय. नरसम्मा कमरेवर हात ठेवून उभी आहे, मुलीचा निकाल ऐकणाऱ्या आईसारखी.

"चला, मी जाते."

"पुन्हा कधी याल?"

"मी कशाला? आता रोज तुमचं तुम्हीच करायचं की."

गाडीत चढण्याआधी ती पाटीकडे मान वर करते, तिच्यावर आता उमटलेलं एकेक अक्षर मोठ्यानं वाचते आणि आत जाते.

साडेचार. पंख्याचा आवाज. ऊन भिंतीवर चढलंय.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंच्या सांगण्यावरून हे रोज दुपारी माझ्याजवळ वही ठेवतात. आजवर त्यात डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या रेघाच होत्या. आज पेन्सिल उजव्या हातात आहे, मूठ घट्ट आवळलेली. पानावर मोठी, उतारावरून घसरत गेल्यासारखी अक्षरं. अक्कलकोट. तवा. उंबरठा. खिडकी. 'भाकरी'ची वेलांटी पानाबाहेर गादीवर गेलीय.

हे चहा घेऊन येतात. वही उचलतात.

"शैला," ते विचारतात, "हे कोणी लिहिलं?"

मी त्यांच्याकडे बघत नाही. डोळे मिटते. आत जाते, शोधते, ओढते.

"मी."