ओबेलीनच्या हाकेला आलेली ओ

हां, तर ओबेलीनने भोंगा तोंडाला लावला आणि काल नेमकी आपली जेवायची वेळ झाली! ऐका आता पुढचं.

ओबेलीन थेरिओ, आमची शेजारीण. न्यू ब्रन्सविकच्या या किनाऱ्यावर तीस वर्षं हेरिंग मासे धुरावण्यात गेली तिची. पण झाडांची पानं लाल झाली की शिकारीसाठी अख्खं गाव तिच्या दारात. मूस म्हणजे इकडचं अजस्र रानटी हरीण. बर्च झाडाच्या सालीच्या भोंग्यातून ती मूसच्या मादीसारखी अशी हंबरायची, की नर मैलभरावरून धावत यायचा. आणि माजावरचा नर म्हणजे घोड्याहून उंच, डोकं फिरलेलं धूड! म्हणून तिचे दोन नियम: पाठीशी जाड झाड हवं, आणि शिंगं डोळ्यांना दिसल्याशिवाय बंदूक खांद्याला लावायची नाही.

त्या सकाळी तळ्याकाठी आम्ही दोघंच, झाडाला पाठ टेकून. ती हंबरली आणि काय सांगू, समोरच्या झुडपातून लगेच उत्तर! "अंक्! अंक्!" पाठोपाठ फांद्यांवर शिंगं घासल्यासारखी करकर. माझं काळीज धडधडायला लागलं. अख्ख्या हिवाळ्याचं मटण आपल्या पायांनी चालत येत होतं! झुडूप हललं, तपकिरी पाठ दिसली. बंदूक कधी खांद्याला लागली, बोट कधी चापावर गेलं, कळलंच नाही.

ओबेलीनने नळी खाली दाबली. "शिंगं कुठायत?"

"अगं, पाठ दिसतेय ना!"

"शिंगं दाखव."

"पळून जाईल तो!"

"जाऊ दे. बोट काढ आधी."

मग तोच भोंगा झुडपाकडे वळवून ती ओरडली, "मेदेरिक! टोपी घाल मेल्या!"

झुडपातून तिचा धाकटा भाऊ उभा राहिला! अंगात तपकिरी कोट, हातात मूसच्या खांद्याचं जुनं हाड, आणि शिकाऱ्यांनी एकमेकांना दिसावं म्हणून घालायची केशरी टोपी खिशात. बहिणीची हाक त्याला खऱ्या मादीचीच वाटली होती. तिच्यासोबतचा नर चिडून बाहेर यावा, म्हणून हा पठ्ठ्या स्वतःच नर होऊन हुंकारत, फांद्यांवर हाड घासत आला होता.

मी बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली. मेदेरिकला मरता मरता वाचल्याचं काहीच नाही.

"ताई, अगदी हुबेहूब नर झालो होतो की मी! तुला कळलं कसं?"

"नर चार पावलं येतो, थांबतो, कान देऊन ऐकतो. तू जन्मात कधी थांबून माझं ऐकलंयस?"