कपाटावरची ओढणी

लातूरच्या शाळेत बावीस वर्षं मी पोरांचे चेंडू, भोवरे आणि अलीकडे मोबाईल जप्त करत आले. जप्त केलेली वस्तू परीक्षा होईपर्यंत कुलपात राहायची. त्याशिवाय पोरं वठणीवर येत नाहीत, असं मी नव्या शिक्षिकांना छातीठोकपणे सांगायचे. घरी कुत्रा आला तेव्हा त्यालाही हीच शिस्त लावली.

तांबडं गावठी पिल्लू होतं. जुन्या ओढणीला गाठी मारून आम्ही ओढाओढ खेळायचो. ‘सोड’ म्हटलं की बिचारं सोडायचं. मग मी ओढणी कपाटावर टाकायचे आणि वह्या तपासायला बसायचे. माझ्या लेखी धडा संपलेला असायचा. तो मात्र कितीतरी वेळ वर बघत बसायचा. महिनाभरात ‘सोड’ म्हटलं की तो गुरगुरायला लागला आणि आणखी जोरानं ओढायला लागला. एकदा मला राग आला. त्याचा जबडा धरून मी ओढणी उपसायला गेले आणि त्याचे दात माझ्या तळहातात रुतले.

दवाखान्यात मी सुई घेत होते तेव्हा नवऱ्यानं विचारलं, कशामुळं चावला? उगीच चावला, मी काहीच केलं नाही, असं मी सांगितलं. चौथीतली पोरगी इतकं धडधडीत खोटं बोलली असती तर मी तिला बाकावर उभं केलं असतं. विनाकारण चावणारं जनावर घरात नको, असं नवऱ्याचं म्हणणं पडलं. माझं ऐकून दुसरं कोण काय म्हणणार? रविवारी आम्ही त्याला शिरूर अनंतपाळजवळच्या शेतावर, माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे सोडून आलो. गाडीमागं तो बराच लांब पळत आला. मी मान वळवून बघितलंही नाही.

तीन आठवडे घर खायला उठलं. शेवटी त्याला परत आणायचं ठरवून मी एकटीच बसनं शेतावर गेले. गोठ्यापुढं जाऊबाई जुन्या दाव्याचा तुकडा धरून त्याच्याशी ओढाओढ करत होत्या. त्या ‘सोड’ म्हणाल्या, त्यानं सोडलं आणि शेपटी हलवत तिथंच उभा राहिला. त्यांनी दावं लगेच पुन्हा त्याच्या तोंडापुढं धरलं. मी विचारलं, हे शिकवलं कसं?

“त्याच्यात काय शिकवायचं? सोडलं की वापस द्यायचं. ठेवूनच घेतलं तर कशाला देईल ते?”

माझे कान तापले. दुसरीत शाळा सुटलेली ही बाई, आणि मी आदर्श शिक्षिका म्हणून मिरवणारी.

त्यांनी दावं माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, खेळ आणि घेऊन जा, लई गुणाचं हाय. मी खेळले. अगदी हळू ‘सोड’ म्हटलं. पहिल्याच शब्दाला त्यानं सोडलं. मी दावं पुढं केलं, पण तो थांबलाच नव्हता. पाठ फिरवून जाऊबाईंच्या पायांमागं जाऊन बसला होता. मी त्याच्याजवळ वाकले, दावं नाकापर्यंत नेलं. त्यानं तोंड दुसरीकडं केलं.

“अक्का, मी त्याला कधी परत दिलंच नाही,” मी म्हटलं. “चावला तो माझ्यामुळं. मी खोटं सांगितलं.”

जाऊबाईंनी माझ्या हातातलं दावं काढून घेतलं, तसा तो लगेच उठून उभा राहिला. त्याला तिथंच ठेवून मी एकटीच बस धरायला निघाले.