नानायने कोरी सोडलेली जागा

मार खाण्याचे माझे आजवरचे सगळे प्रसंग तोंड उघडल्यामुळे आले. हा एकच असा, की मी तोंड मिटून नुसतं चित्र काढलं होतं. तरी फटका तोंडावरच बसला.

मी ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात जमिनीचे सर्व्हे करणाऱ्या एका ऑफिसात नकाशे काढतो. प्लॉटच्या हद्दी, ड्रेनेजच्या लाइनी, कुणाचं कुंपण कुणाच्या अंगणात घुसलंय, असलं सगळं. शेजारच्या घरात एक फिलिपिनो कुटुंब राहतं. त्यातला बाप्या माझ्याहून मोठा, डुकरांच्या फार्मवर कामाला. त्यांच्या तगालोग भाषेत थोरल्या भावाला ‘कुया’ म्हणतात, म्हणून मीही त्याला कुयाच म्हणतो. कुयाचा डावा कान वरून अर्धा गायब आहे. बरीच वर्षं माझी समजूत होती की डुकराने खाल्ला. एकदा बार्बेक्यूला मी तसं विचारलंही. तो इतका हसला की बिअर नाकातून बाहेर आली.

“डुक्कर नाही, पारे,” तो म्हणाला. पारे म्हणजे आपलं यार. “भाऊ.”

हा धाकटा भाऊ टूवूंबातच राहतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. गुरं कापायच्या कारखान्यात हाडं सोडवायच्या कामावर आहे. एकाच शहरात राहून दोघं एकमेकांशी बोलत नसत. सुपरमार्केटात एक दिसला की दुसरा ट्रॉली तिथेच सोडून निघून जायचा.

मग त्यांची आई आली, व्हिजिटर व्हिसावर. नानाय म्हणजे आई. सगळेच तिला नानाय म्हणत, मीही म्हणायला लागलो. तिला ऑस्ट्रेलिया बघायचा नव्हता. कांगारू दाखवायला नेलं तर ती गाडीतून उतरलीसुद्धा नाही. तिला एकच गोष्ट हवी होती: परत जायच्या आधी दोन्ही मुलांनी एका पानावर जेवायचं. त्यांच्याकडे सणाला लांब टेबलावर केळीची पानं अंथरतात, मधोमध भाताची रास घालतात आणि सगळे समोरासमोर उभं राहून हाताने जेवतात. ज्याच्याशी वैर आहे, त्याच्या पानावर जेवत नाहीत. मुलं तिच्यादेखत एकदा जेवली, की ती डोळे मिटायला मोकळी, असं ती मला कोंबडीची पिसं उपटता उपटता सांगायची.

पिसं उपटतानाच ती गावाचा इतिहासही सांगायची. गाव छोटं. समोर कोयत्यासारखा वाकलेला समुद्रकिनारा, त्याच्या तोंडाशी ओहोटीला वर येणारी प्रवाळाची धार, मागे नारळांचे डोंगर, मधून एक नदी. वारा फिरला की होड्यांतून लुटारू यायचे. चर्चच्या बुरुजावरची घंटा वाजली की डोंगरात पळायचं. मागे राहिला तो गुलाम म्हणून वल्ह्याला बांधला जायचा. तो बुरूज स्पॅनिश पाद्र्याने गावकऱ्यांच्याच पाठीवर चाबूक ओढून बांधून घेतलेला. नंतर अमेरिकन आले, त्यांनी भाताची कोठारं जाळली. त्यानंतर जपानी. त्यांनी तिच्या आजोबांना मासे वाळवायच्या मांडवाखाली गुडघ्यांवर बसवून संगिनीने भोसकलं. हे सगळं ती अशा सुरात सांगायची, की जणू भाजीचा भाव सांगतेय. त्या गावात कुणी साध्या तापाने मेलंय का, असं मी एकदा विचारलं.

“एक शाळामास्तर होता,” ती आठवून म्हणाली. “पण तो बाहेरगावचा.”

आता एक नंतर कळलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. कुयाच्या वडिलांनी मरताना नारळाची बाग वाटून दिली. नदीच्या अलीकडचं थोरल्याला, पलीकडचं धाकट्याला. मग एका वादळात नदीने रातोरात पात्र बदललं आणि ती पलीकडे सरकली. धाकट्याच्या बागेचा एक पट्टा आपोआप अलीकडे आला. थोरला म्हणाला, बापाने नदी सांगितली होती. धाकटा म्हणाला, बापाने झाडं दाखवली होती. दोघांनी नारळ सोलायचे कोयते काढले. थोरल्याचा अर्धा कान गेला, धाकट्याच्या खांद्याचं हाड उघडं पडलं. तेव्हापासून नानायने त्या पट्ट्यातला एकही नारळ कुणाला उतरवू दिला नाही.

यातलं मला तेव्हा एवढंच माहीत होतं, की भाऊ जमिनीवरून भांडले. कोणत्या जमिनीवरून, हे विचारायला मला सुचलं नाही. माझ्या स्वतःच्या चुलत्याचं डोकं बांधावरून फुटलंय. टाके घालताना मी त्याचे पाय धरून बसलो होतो. तरी सुचलं नाही.

गावच्या संताचा सण आला. टूवूंबात त्या किनाऱ्यावरची बरीच माणसं आहेत. त्यांनी एक हॉल भाड्याने घेतला. नानायने मला पांढरी चादर दिली आणि म्हणाली, “तू नकाशे काढतोस ना? माझं गाव काढ. टेबलामागे लावू.” तिने बोटाने चादरीवर सगळं दाखवलं. चर्च इथे, बुरूज इथे, शाळा, मासळीबाजार. नदीजवळ तिचं बोट थांबलं. “इथे काही नको. इथे मोठी होडी काढ. खूप मोठी.”

आमच्या धंद्यात कोरी जागा म्हणजे अर्धवट काम. मी ताजा सॅटेलाइट फोटो उघडला. नदी नानायने दाखवलेल्या जागी नव्हतीच. म्हातारी विसरली असेल, म्हणत मी ती फोटोत होती तशी काढली. मग नारळांचा एक पट्टा उरला. बायको मागे उभी राहून बघत होती.

“त्या होडी काढ म्हणाल्या ना? मग होडी काढ.”

“अगं, पण तिथे होडी नाहीये. तिथे झाडं आहेत.”

“तुला काय करायचंय रे? तुला तिथे राहायला जायचंय?”

मी कुंपणावरून कुयाला हाक मारली. तो डुक्कर भाजायचा बांबू तासत होता. मी फोन दाखवून विचारलं, ही नदीलगतची बाग कुणाची? त्याने वर बघितलं आणि तो म्हणाला, “माझी.” मी पट्ट्यात सुंदर हिरव्या तिरक्या रेघा मारल्या आणि वर ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलं: कुयाची बाग. होडी काढली, पण लहान, समुद्रात, तिच्या रास्त जागी. प्रमाणही दिलं कोपऱ्यात.

सणाच्या दिवशी नानाय भाताची रास घालण्यात गुंतली होती. चादर मीच लावली, मोठ्या अभिमानाने. अख्खं भाजलेलं डुक्कर टेबलाच्या टोकाला होतं आणि कुया सत्तूर घेऊन त्याचे तुकडे करत होता. धाकटा आला. आल्या आल्या त्याने वाकून आईचा हात स्वतःच्या कपाळाला लावला. नानायने त्याला दंडाला धरून कुयाच्या समोर उभं केलं. धाकट्याने भाताकडे हात नेला, आणि नेताना त्याची नजर वर गेली.

त्याने वाचलं. मग त्याने कुयाकडे बघितलं. कुयाने वळून चादर पहिल्यांदाच नीट पाहिली, आणि तो हसला.

हसण्याऐवजी नुसतं बोलला असता तरी चाललं असतं. धाकट्याने रश्श्याचं पातेलं उचलून त्याच्या छातीवर ओतलं आणि रिकामं पातेलं कपाळात घातलं. कुयाने सत्तूर टाकून बांबू उचलला. पहिल्या फटक्याने टेबल आडवं झालं, दुसऱ्याने धाकट्याचा गुडघा. डुकराचं डोकं घरंगळत बाहेरच्या दारापर्यंत गेलं. माझी अक्कल बघा: मला वाटलं, नकाशा काढून घेतला की भांडण संपेल. मी खुर्चीवर चढलो, चादर ओढली, ती माझ्याच डोक्यावर पडली आणि त्या पांढऱ्या अंधारात बांबूचा तिसरा फटका माझ्या तोंडावर बसला. एक दात पडला; तो मी गिळला की थुंकला, मला आजही माहीत नाही.

चादर बाजूला झाली तेव्हा धाकट्याच्या हातात सत्तूर होता. तो खाली येत होता, आणि कुयाने उघड्या तळहाताने पातं धरलं. सत्तूर धरलेला धाकट्याचा हात रोज हाडं सोडवणारा, त्याला कुठे थांबायचं ते ठाऊक होतं, पण तो थांबला नाही. रक्त भातावर पडलं, केळीच्या पानावरून वाहत नानायच्या चपलांपर्यंत आलं. कुणी किंचाळलं. नानाय किंचाळली नाही. तिने धाकट्याचे केस मुठीत धरले, त्याचं डोकं आडव्या टेबलाच्या कडेवर दाणकन आपटलं, मग कुयाच्या उरलेल्या कानाखाली इतकी जोरात लगावली की तो खाली बसला. मीही पुढे झालो होतो, समजूत घालायला. मलाही एक मिळाली.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आम्हाला एकाच रांगेत बसवलं. पोलीस येऊन गेले. काय झालं, असं विचारल्यावर दोघे भाऊ एकाच वेळी म्हणाले, “डुक्कर कापताना हात घसरला.” कित्येक वर्षांत पहिल्यांदा दोघांचं काही जुळलं असावं.

पोलिसाने माझ्याकडे बघितलं. “आणि यू, मेट?”

“मीपण कापत होतो,” मी म्हणालो. ओठ सुजल्यामुळे ते त्याला कळलं नाही, आणि त्याने पुन्हा विचारलंही नाही.

बायको शिफ्ट संपवून आली. माझं तोंड बघून काहीच बोलली नाही, म्हणजे घरी बोलणार होती.

नानाय मागून आली, डबा घेऊन. हॉलमध्ये रक्त न लागलेला जेवढा भात आणि मांस होतं तेवढं तिने गोळा केलं होतं. सोबत केळीच्या पानाचा एक तुकडा. तो तिने दोघांच्या मधल्या खुर्चीवर अंथरला. मला तिथून उठवलं होतं, हे सांगायला नको. पानावर भात ठेवून ती म्हणाली, “जेवा.”

कुयाचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, डाव्यात सलाइनची सुई. त्याने हात दाखवले. कसा जेवू?

नानायने धाकट्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. मग त्याने भाताचा मोठा गोळा केला, त्यात मांस दाबलं आणि भरवायचं सोडून भिंतीच्या भोकात सिमेंट कोंबावं तसा तो कुयाच्या तोंडात कोंबला. कुयाचे डोळे पांढरे झाले. त्याने चावलं. भात चावला की नाही कोण जाणे, धाकट्याचं बोट मात्र पुरेपूर चावलं.

धाकटा ओरडला. नर्स धावत आली. कुयाने तोंड बंद ठेवलं होतं आणि तो सावकाश, मन लावून चावत होता.

“नानाय, तो मला चावला!”

“चावू दे,” नानाय म्हणाली, आणि पानावर दुसरा घास सरकवला. “गिळला ना त्याने? अजून दे.”