मंजुळाकाकीचे करांदे

कोपर गावात आमच्या शेजारी राहणारी मंजुळाकाकी हट्टी बाई. सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात तर तिने हट्टाची कमाल केली. खाडीच्या चिखलात कालवाची शिंप लागून गोमाजीकाकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, पायाला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. साखर उतरली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. भात कमी आणि कंद पूर्ण बंद.

काकांचा जीव कंदात. काकी डॉक्टरांशीच भांडली, "सगले कंद येक कसे? कोनफल पिठाळ, सुरण खाजरा, करांदा कडू." कडूपुढे साखर टिकत नाही, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

लघवी तपासायला डॉक्टरांनी काचेची नळी आणि निळं औषध दिलेलं. नळीत लघवी आणि औषध एकत्र उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर भरपूर. काकीने त्यावर कंदांचीच परीक्षा मांडली. कोनफळ खाऊ घातलं, विटकरी आलं. त्या दिवशी ती जेवली नाही, चुलीपुढे रडत बसली. चिंच लावून शिजवलेल्या सुरणानंतर नारिंगी. मग राखेच्या पाण्यात उकडून रात्रभर भिजवलेले करांदे दिले, आणि नळी निळी राहिली.

काकीला आभाळ ठेंगणं झालं. रोज करांदे, रोज निळं. तिने मलाही बळेच खायला लावले, माझं तोंड दिवसभर कडवट होतं.

पाय मात्र काळा पडत गेला. शेवटी डॉक्टरांनी दवाखान्यातच, सगळ्यांसमोर तपासणी केली. विटकरी.

"घरी तर निलं येतं," काकी म्हणाली.

"कडूपणा पाण्यात उतरतो, मंजुळाबाई. पीठ आतच राहतं, आणि पिठाची शेवटी साखरच होते," डॉक्टर म्हणाले. "निळं आलंच कसं?"

काकांनी मान खाली घातली. "लघवीच्या जागी माठातलं पानी भरून देत होतो. लाल आलं का ती रडते. बघवत नाय."

मला अजूनही त्या माणसाचा राग येतो, आणि रागावताना रडूही येतं.

घोट्यावरून पाय काढायचं ठरलं. काकीच्या डोळ्यांत तेव्हा टिपूस नव्हता. काकांच्या खाटेजवळ उभी राहून ती एवढंच म्हणाली, "खरं दिलं असतं तर मी रडले असते. तेवढंच झालं असतं ना?"