शिवडीच्या दोन फळ्या

घोडी आमच्या तबेल्यात आली तेव्हा तिचा डावा कान फाटलेला होता, आणि त्या कानाजवळ जो कोणी हात नेईल त्याला ती चावायची. दोघांना चावून झालं होतं. तिसरे माझे काका, वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्या दंडावर दात उमटले तसा त्यांनी भिंतीवरचा चाबूक काढला आणि मी मध्ये जाऊन उभी राहिले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, मॅट्रिकला एकदा आपटलेली, घरात तांदूळ निवडणारी. राग माझ्या नाकावर असायचा, अजूनही असतो.

काकांचा तबेला काळाचौकीला, आमच्या चाळीच्या मागच्या अंगाला. भाड्याने फिरणाऱ्या दोन व्हिक्टोरिया घोडागाड्या होत्या त्यांच्या. वडील गिरणीत साचे चालवायचे. काकांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी जेवढी आईची तेवढीच काकूची. ही घोडी त्यांनी गिरगावातल्या एका जुन्या घरंदाज कुटुंबाकडून आणली होती. त्या लोकांनी मोटार घेतली आणि बग्गी मोडीत काढली. घोडी जेमतेम दोन-अडीच वर्षांची, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. कान कुणी फाडला ते त्यांनी सांगितलं नाही. मोठ्या घरची माणसं असल्या गोष्टी सांगत नाहीत.

चाबूक हातात तसाच धरून काका मला म्हणाले, "तुका एवढी दया येता, तर तूच शिकव. चाबूक न दाखवता ही साजात चालली, तर ही खंय जावची नाय. माझो शब्द."

नुसता शब्द नाही. त्या वर्षीच्या गणपतीत आमच्या खोलीत काकांनी गाऱ्हाणं घातलं. कोकणातल्या घरांत हे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या देखत बोलायचं, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी हुंकार द्यायचा. घरादाराचं मागून झालं, गिरणीचं झालं, मुंबई आपल्याला मिळू दे हेही झालं. मग काका म्हणाले, "तबेल्यात नवीन घोडी इली हा, ती आमच्याकडेच सुखान नांदांदे, रे म्हाराजा." आणि पंधरा-वीस माणसं एका सुरात म्हणाली, "होय म्हाराजा." मीही म्हणाले. सगळ्यात मोठ्यांदा म्हणाले असेन.

शिकवायचं कसं हे मला कुठे ठाऊक होतं. पण घाबरलेल्या जनावराकडे टक लावून बघू नये एवढं मला मांजरांवरून कळत होतं. मी तांदळाचं सूप घेऊन तबेल्यात जायची, पालथ्या बादलीवर तिच्याकडे पाठ करून बसायची आणि खडे वेचायची. एक शब्द बोलायची नाही. आठ दिवस ती कोपऱ्यात फुरफुरत उभी. चाळीतल्या बायका गॅलरीतून विचारायच्या, "काय गो, घोड्यांका तांदूळ निवडून घालतंस?" आई म्हणायची, तबेल्यात बसून बसून घोडनवरी होशील. मी ढिम्म. नवव्या की दहाव्या दिवशी मानेवर गरम श्वास आला. मी हलले नाही. मग तिने खांद्यावरून तोंड घातलं आणि सगळं सूप उधळलं. त्या दिवशी घरी बोलणी खाल्ली, पण मला इतका आनंद झाला होता की आईचं एक अक्षर कानात शिरलं नाही.

तिथून पुढे सगळं तिच्या मर्जीने. तळहातावर गुळाचा खडा, तिला हवा तेव्हा. मग मानेवर हात, मग पाठीवर खरारा. साज आधी नुसता जमिनीवर ठेवला, तिने चार दिवस हुंगला, पाचव्या दिवशी पाठीवर घेऊ दिला. फाटक्या कानाला मी हात लावलाच नाही. दिवाळीच्या सुमाराला तिने स्वतःच तो कान माझ्या कपाळाला घासला. मी रडले. तिला मी एक नाव ठेवलं होतं. त्या नावाने हाक मारली की ती जिथे असेल तिथून वळायची, तोंडातला घास टाकून. ते नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

ते दिवस मोर्च्यांचे. आज सभा, उद्या हरताळ, परवा प्रभातफेरी. लालबागच्या नाक्यावरून माणसांचा लोंढा निघाला की अख्खी चाळ गॅलरीत. घोडी पहिल्यांदा घोषणा ऐकून थरथरली, घामाने भिजली. म्हणून मी तिला रोज थोडं पुढे नेऊ लागले. आधी तबेल्याच्या आत उभं राहून ऐकायचं, मग दारात, मग रस्त्याच्या कडेला. माझा हात तिच्या मानेवर. माणसं ओरडली की गूळ. होता होता असं झालं की "झालाच पाहिजे" ऐकू आलं की ती कान टवकारून माझा पदर हुंगायला लागायची. मोर्च्यातली माणसं हसायची, "ही पण आपल्यातलीच." गिरणीचा भोंगा, ट्रामची घंटा, डबे बडवणारी पोरं, तिला कशाचं काही वाटेनासं झालं. माघात ती साज घालून रिकामी गाडी ओढत परळपर्यंत जाऊन आली. चाबूक भिंतीवर होता तिथेच होता.

काकांनी तिच्या मानेवर थाप मारली. म्हणाले, "मुंबई आपली झाली काय मिरवणुकीत पुढची गाडी हिची. लगाम तुझ्या हातात."

मुलीच्या हातात लगाम, तोही भर लालबागमधून. मी त्या एका वाक्यावर कित्येक दिवस जगले. खोटं कशाला बोलू, लग्नाची स्वप्नं मी इतकी कधी पाहिली नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काका तिला एकटेच शिवडीला घेऊन गेले, नाल ठोकायला म्हणून. परत आले ते तणतणत. नाल जुनीच होती. मी विचारलं तर म्हणाले नालवाला भेटला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठूनतरी दोन जाड फळ्या आणल्या आणि विटांवर टाकल्या. "हिका फळीवरून चालूक शिकव. मुन्शिपाल्टीवाले तबेल्यापुढचा गटार खोदतले. मग ही काय उडान जातली?"

फळीचा पोकळ आवाज तिला अजिबात सोसायचा नाही. बाकी सगळं शिकली, पण फळीपुढे अडली. मी फळ्या आधी मातीवर सपाट टाकल्या, वर पेंढा पसरला. मग पेंढा कमी केला. मग खाली एक वीट. मी पुढे उलटी चालायची, तोंड तिच्याकडे, तिचं नाव घेत. ती एक पाय ठेवायची, आवाज झाला की मागे. मी थांबायची. ओढलं म्हणून नाही, कधीच नाही. महिनाभर लागला. काका रोज विचारायचे, "चलली?" मला वाटायचं, कौतुकाने विचारतायत. एके दिवशी ती दोन्ही फळ्या खडखडत पार करून आली आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. मी धावत जाऊन काकांना सांगितलं. मीच सांगितलं, धावत जाऊन.

गटार कुणी खोदलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी काकू तबेल्यात ताट घेऊन आली. घोडीच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाच्या टिळ्यावर हळदकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा भरवला. आमच्यात नवं जनावर पहिल्यांदा कामाला जुंपताना असंच करतात. मला वाटलं, आज तिची पहिली खेप. मी खुळ्यासारखी घरात जाऊन बरं लुगडं नेसून आले. काकू माझ्याकडे बघत नव्हती. धुराने डोळे चुरचुरतात म्हणाली. तबेल्यात कुठला आलाय धूर, पण मला तेव्हा दिसत असूनही दिसलं नाही. असंच हळदकुंकू जनावर घरातून जातानाही लावतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आठवलं नाही इतकंच. आठवायचंच नव्हतं मला.

काका म्हणाले, "चल गो, शिवडेक जावन येऊया. गाडी नको, नुसती चालवत नेऊया."

आम्ही तिघं चालत निघालो. ती माझ्या खांद्याशी, दावं ढिलं. शिवडीला गोदामांच्या मागे, खाजणाच्या कडेला एका खटारेवाल्याची वखार होती. बंदरातला माल वाहणारे अवजड खटारे, त्यांना जुंपलेली घोडी, पाठी सोललेल्या. आणि आत जायला एक काळा नाला. नाल्यावर दोन फळ्या.

मी थांबले. ती माझ्यामुळे थांबली. काका म्हणाले, "जा पुढे, पलीकडे पाणी पाजूया." पलीकडे मालक उभा होता. तो काकांना हसून म्हणाला, "मागच्या वेळी चार जणांनी ओढली तरी चढली नाही. बघू आता."

तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण पाय त्यांच्या सवयीने फळीवर गेले, तोंड तिच्याकडे, आणि तोंडातून तिचं नाव निघालं. ती आली. कान पुढे करून, माझ्या डोळ्यांत बघत, एकदाही न अडखळता आली. पलीकडे पोचल्यावर तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. मालक म्हणाला, "वा."

मग काका आले आणि त्यांनी तिच्या गळ्यातलं दावं सोडलं. मालकाने आपलं नवं दावं अडकवलं. विकलेल्या जनावराबरोबर आपलं दावं द्यायचं नाही, ते परत घरी न्यायचं, ही रीत आमच्याकडे लहान पोरालासुद्धा ठाऊक असते. काकांनी ते जुनं दावं गुंडाळून माझ्या हातात दिलं. "घे. तुझाच आसा."

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. बरंच बोलले. गाऱ्हाण्याचं बोलले, देवापुढे खोटं बोललात म्हटलं, वखारीतली माणसं बघत राहिली. काका खाली बघून म्हणाले, "गाड्येक गिऱ्हाईक रवला नाय, बाय. सगळे टॅक्शेन जातत. हिका म्हायतीचा घर बघून दिलंय." घर म्हणे. तिथल्या घोड्यांच्या पाठी मला दिसत होत्या. मी फळ्यांवरून परत आले तेव्हा मागे ती खिंकाळली. मी वळून पाहिलं नाही, कारण वळले असते तर ती दावं तोडून आली असती आणि मला तिला पुन्हा एकदा त्या फळ्यांवरून न्यावं लागलं असतं.

काकूने रात्रीचं ताट आणलं. म्हणाली, लेकी अशाच जातात गो. मी ताट सरकवलं. तिला सगळं ठाऊक होतं. वडिलांना ठाऊक होतं. चाळीत बहुतेक मला एकटीलाच ठाऊक नव्हतं.

महिन्याभराने मी शिवडीला गेले. गोदामाच्या रस्त्यावर ती खटारा ओढत येताना दिसली. फासळ्या मोजता येत होत्या, खांद्याला जखम. माझ्याच्याने राहवलं नाही. मी हाक मारली. तिने घास टाकावा तसं सगळं टाकलं, खटाऱ्यासकट वळली, माझ्याकडे यायला लागली. मागचं चाक फुटपाथवर चढलं, गठ्ठे कलंडले. गाडीवानाने चाबूक उचलला आणि तिच्या फाटक्या कानावर हाणला. एकदा नाही. ती तरीही माझ्याकडेच येत होती. शेवटी मीच पळाले. पळत काळाचौकीपर्यंत आले आणि जिन्यात बसून राहिले. त्यानंतर मी शिवडीची वाट सोडली.

पुढे मुंबई आपली झाली. दुपारी लालबागमधून मिरवणूक निघाली. लेझीम, गुलाल, रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नाही. काकांची व्हिक्टोरिया झेंडूने मढवलेली. खालून त्यांनी हात केला, ये, लगाम धर. मी गॅलरीतून हलले नाही. गाड्यांमागे मालवाल्यांचे खटारेही आले होते, प्रत्येकाला पताका. तिसऱ्या खटाऱ्याला ती होती.

एवढा गलका, एवढे ताशे, बाकीची घोडी बुजत होती, त्यांना दोघंतिघं धरत होते. ती एकटी शांत चालत होती. शिकवलीच तशी होती मी. आमच्या चाळीसमोर आल्यावर माणसं घोषणा द्यायला लागली तशी ती थांबली. मान वर करून हवेत हुंगू लागली. गूळ शोधत असणार. मग तिने फाटका कान आमच्या गॅलरीकडे वळवला आणि तसाच धरून ठेवला. गाडीवानाच्या हातात चाबूक होता.

शेजारच्या बायका माझा दंड हलवून म्हणत होत्या, अगो ओरड की, गप्प काय, मुंबई मिळाली. खाली काकांनीही तिला पाहिलं होतं. ते वर बघून मोठ्याने म्हणाले, "बघ, गेली काय नाय मिरवणुकीत?"

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दातांनी धरून ठेवला, खटारा पुढच्या वळणाला जाईपर्यंत. तिने कान बराच वेळ वळवलेला ठेवला होता.